मानाचं हाड

सुसामीरच्या खोऱ्यात कुणाचाही रक्तदाब बघायचा तो बुरुलसूननेच. तीस वर्षं ती आरोग्यसेविका. उन्हाळ्यात घोड्यावर बसून मेंढपाळांच्या एकेका तंबूला जायची, आणि ज्याचा त्याचा आकडा तिला तोंडपाठ असायचा. सगळ्यांची ती एजे, म्हणजे थोरली ताई. शहरातल्या डॉक्टरांविषयी मात्र तिचं मत फारसं बरं नव्हतं. त्यांना माणूस दिसत नाही, कागद तेवढा दिसतो, असं ती म्हणायची, आणि म्हणताना जरा ताठायची.

असानकुल मेंढपाळाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बिश्केकच्या मोठ्या इस्पितळातून निरोप आला, रक्तदाबाची गोळी दोन दिवस आधी बंद करा. बुरुलसूनने नाक मुरडलं. गोळी चुकली की याचा दाब दोनशेवर जातो हे तिने स्वतः पाहिलेलं. असानकुल नको म्हणत असताना तिने दोन गोळ्या त्याच्या मुठीत कोंबल्या आणि गुपचूप घ्यायला सांगितलं. तिचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता.

ऑपरेशन झालं, पण रक्त थांबेना. छाती पुन्हा उघडावी लागली. गावातून सहा जण रक्त द्यायला धावले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ही गोळी नुसता दाब उतरवत नाही, रक्त गोठणं आणि गुठळी विरघळणं यांचा तोलही थोडा हलवते. गोळीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण झालं नसेल असंही नाही. गोळी दिली कुणी, असं विचारल्यावर असानकुल म्हणाला, विसरून मीच घेतली.

हे कळल्यापासून बुरुलसूनला घास गोड लागेना. महिनाभर ती त्याची जखम बांधायला जात होती. त्याची बायको सायरागुल तिच्यासमोरच नवऱ्याला फैलावर घ्यायची: मेंढ्यांचं औषध बरं विसरत नाहीस, स्वतःच्या वेळी अक्कल गहाण ठेवतोस का? असानकुल हसून ऐकायचा. बुरुलसून मान खाली घालून पट्टी गुंडाळायची. खरं बोलले तर खोऱ्यात माझ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवील, असं ती मनाशी म्हणायची. तो शुद्ध भित्रेपणा होता, आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं.

असानकुल उठून हिंडू लागला तशी घरच्यांनी मेंढी कापली. कमरेचं मानाचं हाड सायरागुलने स्वतः एजेच्या पुढ्यात ठेवलं आणि नवऱ्यासाठी आशीर्वाद मागितला. पंगतीतल्या सगळ्यांनी ओंजळी पुढे केल्या. बुरुलसूनचे हात मांडीवरून उचलेनात.

"गोळी मी दिली होती," ती म्हणाली. "तो नको म्हणत होता. मीच घ्यायला लावली."

"एजे, राहू दे ना," असानकुल घाईघाईने म्हणाला. "जिवंत आहे ना मी."

सायरागुल बुरुलसूनकडे वळली.

"महिनाभर मी याला नको नको ते बोलले. आणि तू इथेच बसून ऐकत होतीस."

तिने ते हाड उचललं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. पंगत जेवू लागली. बुरुलसूनला कुणी ऊठ म्हणालं नाही, आणि जेव असंही म्हणालं नाही.