चार बोटांचं दार

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, कामावर सगळे ‘कपाट’ म्हणत. घरं बदलणाऱ्यांचं सामान हलवायचं हा त्यांचा धंदा, आणि अंगापिंडानं ते खरंच कपाटासारखे. स्वभावानंही. एकदा बसले की हलवायला चार माणसं लागायची.

कुणाच्या घरात शिरले की भाऊजी आधी सामानाकडे बघायचेच नाहीत, दाराकडे बघायचे. चौकटीवर वीत टाकायची, मग जिन्याच्या वळणावर. लोक घाई करायचे. “आत आलंय म्हणजे बाहेर जाईलच की!”

“तसं नसतं, साहेब. काही वस्तू आतच तयार झालेल्या असतात.”

असा माणूस शौचातून पडणारं रक्त वर्षभर अंगावर काढतो, याला काय म्हणावं? मूळव्याध आहे, म्हणायचे. ताई सांगून सांगून थकली. खरी भीती वेगळीच होती. पोट फाडलं की वजन उचलणं संपलं, आणि वजन उचलणं संपलं की ‘कपाट’ भंगारात. शेवटी मीच भांडून त्यांना दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरबाई शांत होत्या. “दुर्बिणीतून करू. पोटावर बारीक छिद्रं पाडायची, त्यातून कॅमेरा आणि हत्यारं आत घालायची आणि गाठीसकट आतड्याचा तेवढा भाग कापायचा. पोट फाडायचं नाही. बरे झालात की कामावरही जाल.”

भाऊजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “आणि कापलेला तुकडा बाहेर कुठनं काढणार? छिद्रातनं तर येणार नाही.”

डॉक्टर हसल्या. “बरोबर. त्याच्यासाठी बेंबीखाली चार बोटांचा छेद घ्यावा लागेल.”

“मग ठीक आहे,” भाऊजी म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी जिना उतरताना ते शीळ घालत होते.

ऑपरेशन सांगितलं होतं त्याच्या निम्म्या वेळातच संपलं. डॉक्टर लगेच दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. संध्याकाळी भेटतील, असं नर्सनं सांगितलं. ताईचा जीव भांड्यात पडला. भाऊजींना वॉर्डात आणल्यावर तिनं चादर सारून बघितलं आणि मला जवळ ओढलंच. पोटावर इथे तिथे चिकटपट्टीचे तुकडे, बस्स.

“बघ, तो मोठा छेदसुद्धा लागला नाही! म्हणजे गाठ अगदीच लहान असणार.” ती रडत रडत हसत होती. मलाही ते पटलं.

“काय भाऊजी, एवढुशा खरचटण्यासाठी आमचा जीव काढलात?”

भाऊजी आता चांगले शुद्धीवर होते. त्यांनी हात बेंबीखाली नेला, बोटं पसरून चाचपलं. परत चाचपलं. मग ताईला म्हणाले, “जा, सगळ्यांना फोन करून ये. काळजीत असतील.”

ती गेल्यावर ते मला म्हणाले, “दारच पाडलेलं नाही. माल आतच आहे.”

“काहीतरीच काय बोलता!”

“सगळीकडे पसरलेलं दिसलं असेल. जे निघणारच नाही त्याला आम्हीपण हात लावत नाही. दार ओढून घेतो आणि परत येतो.”

मला त्यांचा राग आला, भयंकर राग. एवढं कळणारा माणूस वर्षभर गप्प बसला होता. पण आता भांडणार कुणाशी? मी त्यांचा हात धरला.

“तिला इतक्यात सांगू नकोस,” ते म्हणाले.

ताई आली ती सगळ्यांचे निरोप घेऊन. आता जड सामान नाही उचलायचं, नुसतं उभं राहून हुकूम सोडायचे, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत ती बोलत राहिली आणि भाऊजी “हो, हो” म्हणत राहिले. इतकं निमूट त्यांनी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर आल्या तशी ताईनं पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडू? छेदसुद्धा घ्यावा लागला नाही!”

डॉक्टरांनी भाऊजींकडे पाहिलं. मला कळलंय, अशा अर्थानं भाऊजींनी मान हलवली.

“बाई, आधी तिला बसू द्या,” ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे सरकवली. ताई बसायलाच तयार नव्हती.