अव्वाची गच्ची आणि माझी नोकरी

सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तेव्हा सोलरमध्ये आपलं नशीब उघडणारच, असं मी घरात छाती पुढे काढून सांगितलं होतं. कोर्समध्ये शिकवणाऱ्यांनी या धंद्यातल्या नोकऱ्या फळ्यावर लिहून दाखवल्या होत्या: पॅनल बसवणं, आराखडे काढणं, देखभाल, विक्री. यातली कुठली पसंत करावी, या विचारात मी रात्रभर जागा होतो. नोकऱ्यांनाही पसंती असते, हे मला नंतर कळलं.

कोर्सनंतर एका कंपनीत लागलो. बसवण्याच्या कामावर पहिल्याच दिवशी शिडीच्या मध्यावर मी खाली बघितलं. मला वर जाता येईना आणि खालीही येता येईना. शेवटी दोघांनी मिळून मला गोणीसारखं खाली उतरवलं. मग मला कॉम्प्युटरवर आराखड्यांना बसवलं. तिथे मी वळसंगच्या एका घराचे सगळे पॅनल मन लावून उत्तरेकडे तोंड करून मांडले. आपल्याकडे ते दक्षिणेकडे करतात, हे बहुधा मी गैरहजर असताना शिकवलं असावं. साहेबांनी आराखडा पुसून टाकला. मग म्हणाले, "तू बोलतोस बरा. विक्रीत जा."

विक्रीत दारोदार एकच प्रश्न यायचा: गच्ची तुम्हाला दिली तर उन्हाळ्यात वाळवणं कुठे घालायची? जुळे सोलापुरातल्या एका मावशींनी तर मलाच विचारलं, "तुज्या घरी बसवलंय का?" मी नाही म्हणालो. "मग आमच्याच डोक्यावर कशाला?" एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. इकडे साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत बाहेरची एक तरी ऑर्डर आण, नाहीतर दुसरं काम बघ. दुसरं काम बघून झालं होतं.

आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. अव्वाच्या कुरडया गल्लीत नावाजलेल्या, आणि त्यांना गच्चीच लागते. तीच गच्ची मी मागितली. अव्वा पीठ चाळत होती, ती थांबली नाही. "घे. कुरडया कडंला घालते. पर ही नोकरी टिकव बाबा." मला लाज वाटली. तरीही गच्ची घेतली. पॅनल लावताना दिशा मात्र तीनदा तपासली.

मावशींना बघायला बोलावलं, त्या सुनेला घेऊन आल्या. मी युनिट, इन्व्हर्टर, वीजबिल असं सगळं पाठ करून ठेवलं होतं. मावशींनी पॅनलकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पॅनलच्या उंच सांगाड्याखाली अव्वाने जुन्या साडीवर उडदाचे पापड पसरले होते. मावशींनी वाकून एक उचलला.

"एक बी वाकडा न्हाय की."

"उडदाचा पापड सावलीतच वाळवायचा की," अव्वा म्हणाली. "उनात घातला की वाकतोय. घरात पंख्याखाली घालायची मी. हितं सावली बी हाय, वारं बी लागतंय."

"आणि कुरडया?"

"त्या तितं कडंला, उनात."

मी इन्व्हर्टर घेऊन मध्ये घुसलो. "तू थांब जरा," अव्वा आणि मावशी एकदमच म्हणाल्या. नंतर जिना उतरताना मावशींनी मला एवढंच सांगितलं, "खांब एवढेच उंच घ्या. वाकायला लागू नये." ती माझी पहिली ऑर्डर.

साहेबांनी मला कायम केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, गिऱ्हाईकाला नेमकं काय पटवलंस? मी काहीतरी वीजबिलाचं बोललो. सूर्य विकायला निघालेल्या माणसाने सावली विकली, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आता गिऱ्हाईक यायचं म्हटलं की अव्वा सकाळीच पापड लाटायला बसते. फळ्यावर ही नोकरी लिहिलेली नव्हती, आणि अव्वा ती बिनपगारी करते. मी गिऱ्हाईकाला जिन्याने वर घेऊन जातो आणि कठड्यापासून लांब उभा राहतो.