वेंगुर्ला, व्हाया सांपा

दाजी परब कुठल्याही दुकानात शिरले की आधी काजूचं पाकीट शोधत, ते कानाशी नेऊन हलवत आणि मग तोंड वाकडं करत. आयर्लंडमधल्या नावनच्या सुपरमार्केटात त्यांनी हे केलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. "ह्ये काजू न्हय," ते मला म्हणाले, "ही काजूची मढी." तेवढ्यात रखवालदार जवळ आला आणि "एव्हरीथिंग ग्रँड?" म्हणाला. दाजींनी त्याच्याही कानाशी पाकीट हलवलं. त्या भल्या माणसाने गंभीरपणे ऐकून घेतलं. तेव्हापासून 'ठीक आहे' या अर्थाचा 'ग्रँड' हा इथला शब्द दाजींनी उचलला, आणि मनात काही शिजत असलं की नेमका तोच वापरू लागले.

दाजी म्हणजे आमच्या शेजारच्या मयुरीचे वडील. मयुरी इथे औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, तर दाजी जन्मभर वेंगुर्ल्याला काजू कारखान्यात मुकादम. लेकीकडे पाहुणे म्हणून आले होते. ती कामाला गेली की घरून काम करणारा मी पुणेकर त्यांच्या तावडीत सापडे. मीटिंग आहे म्हटलं तर म्हणत, "तू घरात बसान पगार घेतस. मगे माझ्यावांगडा बोलणा ह्या पण तुझा कामच आसा."

सांप्याचं खूळ मला असंच चहाबरोबर कळलं. कोकणातला काजू तिथल्या कारखान्यांना पुरत नाही. कच्ची बी पश्चिम आफ्रिकेतून बोटीने येते. दाजींच्या कारखान्यातल्या पोत्यांवर शाईने 'सांपा' असं रंगवलेलं असे. हे घानातलं, सीमेजवळचं लहानसं गाव. एकदा पोतं ओतताना बियांबरोबर लहान पोराची एक रबरी चप्पल बाहेर पडली. "तेच्या आदी माका वाटायचा, काजू बोटीतच पिकतत," दाजी म्हणाले. "त्या दिसाक कळला, थय माणसां आसत. ज्या गावान माझ्या चेडवाक इंजिनेर केल्यान, त्या गावाचा तोंड तरी बघूक नको?"

मयुरीने साफ नाही म्हटलं होतं. "बाबा, हृदयात स्टेंट आहे तुमच्या आणि जंगलात जायचंय?"

"जंगल न्हय गो, बाजारपेठ आसा."

"नाही म्हणजे नाही."

"ग्रँड," दाजी म्हणाले, आणि त्यांनी भाजीला काय करणार ते विचारलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यांचा व्हिसा एकदाच आत येण्याचा. एकदा बाहेर पडले की पुन्हा आयर्लंड नाही. म्हणून परतीच्या वाटेवरच चार दिवस सांपा उरकायचं, असा बेत ठरला. "वेंगुर्ल्याक पोचलंय की माका कोण खय सोडता?" ते म्हणाले. "आता नाय तर मगे नायच." हे मात्र ते हसत म्हणाले नाहीत, आणि त्यामुळेच मी त्यांच्या कटात सामील झालो.

कटाचा खरा सूत्रधार समोरच्या घरातला क्वामे. तो इथे हॉस्पिटलात नर्स आहे, आणि त्याचे मामा सांप्यातच राहतात. आमच्या बैठका माझ्या स्वयंपाकघरात भरत. विमानतळावर गाडी, वाटेत एक मुक्काम, मामांकडे जेवण, असं सगळं क्वामेने फोनवर जमवलं. दाजींना काळजी एकच, रिकाम्या हाताने कसं जायचं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "काजू नेतंय." क्वामे हसून हसून खुर्चीतच कोसळला.

"अंकल, काजूच्या गावाला काजू?"

"तेंनी कच्ची बी बघितल्यानी रे. माझ्या हातचो भाजलेलो काजू खय बघितल्यानी?"

घानात जायला लागणारी पिवळ्या तापाची लस टोचून आणली तेव्हा दंड दुखत होता. दाजींनी लेकीला सांगितलं, गवत कापून हात भरून आला. मयुरीला इतकं अपराधी वाटलं की त्यानंतर दर शनिवारी ती स्वतः गवत कापत असे आणि दाजी खिडकीतून मला डोळा मारत.

सगळं सुरळीत पार पडलंही असतं. पण मालवणी माणूस गाऱ्हाणं घातल्याशिवाय एवढ्या प्रवासाला निघत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळं खरं खरं, नावागावासकट आणि मोठ्याने सांगायचं. मी म्हटलं, "हळू आवाजात उरकू या." तर दाजी भडकले. "देव काय तुझो मॅनेजर आसा, मेसेज धाडल्यार वाचूक?"

मग मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्याशेजारी, पालथ्या बादलीवर नारळ ठेवला गेला. पाऊस भुरभुरत होता. दाजींनी टोपी सारखी केली आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा, बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या तुझा लेकरू घराक येता हा, पण वाटेत चार दीस सांप्याक जाता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि क्वामे ओरडलो. क्वामेला मी आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं.

"चेडवाक सांगूक नाय, ती चूक पदरात घी. जीव लावता म्हणान ती नको म्हणता, ह्या माका कळता. तिचा मन वळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज तीन होते. फाटकात मयुरी उभी होती, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि तोंडावर हात. बिचारी लवकर घरी आली होती. लहानपणापासून गावच्या देवळात हजारदा म्हटलेलं. गाऱ्हाणं कानावर पडलं की ते शिंकेसारखं येतंच.

दाजींनी वळूनही पाहिलं नाही. नारळ फोडला. "झाला. देवासमोर व्हय म्हटलंस. आता फिरूक जमाचा नाय."

"बाबा, ते आपोआप आलं! ते काउंट होत नाही!"

"ता देवाक सांग."

मग क्वामे पुढे झाला. त्यांच्याकडेही पूर्वजांसाठी जमिनीवर दारूची धार सोडून असंच बोलतात, म्हणाला, आणि ऐकणाऱ्यांनी दिलेला होकार परत घेता येत नाही. शेवटचं वाक्य त्याने तिथल्या तिथे रचलं, असा मला आजही संशय आहे.

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला तिकडे काही झालं, तर मी इथे बसून काय करू?"

दाजी प्रथमच गडबडले. खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "मगे हय बसा नको. माझ्यावांगडा चल."

आणि ती गेली.

दाजी गेल्या वर्षी वेंगुर्ल्याला झोपेतच गेले. त्यांच्यासारखा माणूस माझ्या मीटिंगा मोडायला पुन्हा येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ते गेल्याचं सांगायला मयुरी आली, आणि मग आपणहूनच सांप्याचं सांगू लागली. क्वामेच्या मामांच्या ओळखीच्या एका वखारीत बायका बी निवडत बसल्या होत्या. दाजींनी त्यांना हात जोडले. "जल्मभर तुमच्या काजूवर माझा घर चालला. तुमका भेटूक इलंय." मयुरीने ते इंग्रजीत सांगितलं, मामांनी त्यांच्या भाषेत. मग एका म्हातारीने विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही आलात?"

दाजींनी लगेच मयुरीकडे बोट दाखवलं. "ह्या चेडू माका सोडी नाय."

"आणि ते इंग्रजीत मलाच सांगावं लागलं," मयुरी म्हणाली. "सगळ्या बायका मिळून मला इतक्या ओरडल्या! आणि बाबा बाजूला उभे, तोंड एवढंसं करून, जसे काही जन्मभर माझ्याच कैदेत होते."