उच्चदाबाच्या खोलीतली आगोट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या भातगिरणीच्या आवारातली उच्चदाब विजेची खोली ही आमच्याच मालकीची होती. एवढी साधी गोष्ट आमच्या घराला पटायला एक उंदीर आणि पंधरा दिवस बंद पडलेली गिरण लागली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुरबाडच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची गिरण. वडिलांनी ती वाढवली, जोडीला पोह्यांचं यंत्र बसवलं, तेव्हा अकरा हजार व्होल्टची लाइन घ्यावी लागली. त्यासाठी आवारात स्लॅबची एक खोली बांधली. आत ट्रान्सफॉर्मर, बाहेर लोखंडी दार, दारावर कवटी आणि दोन हाडं. दार लागलं त्या दिवशी वडिलांच्या लेखी खोली सरकारजमा झाली. आत काही बिघडलं तर वीज बोर्डाची माणसं बघतील, आपण कशाला नाक खुपसायचं, असं त्यांचं मत. कुलूप त्यांनीच लावलं, आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगली. तिथेच सगळं फसलं.

कारण आईच्या मते ती घरातली सर्वांत चांगली खोली होती. आमच्याकडे पावसाचे चार महिने काहीच कोरडं राहत नाही. मिठाला पाणी सुटतं, पापड वाकतात. ही खोली मात्र ट्रान्सफॉर्मरच्या उबेने भर आषाढातही ठणठणीत कोरडी. शिवाय कवटी बघून चोर फिरकत नाही. त्यामुळे आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाली की मसाल्याचे डबे आणि सुकट-बोंबलांच्या टोपल्या थेट तिथे जात. वडिलांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं. टोपल्या मीच वाहायचो.

भाद्रपदात सुकटीच्या वासावर एक उंदीर आला आणि चढू नये तिथे चढला. बार उडाल्यासारखा आवाज झाला, गिरण थांबली. आई अर्ध्या तासापूर्वीच आतून बोंबील काढून आली होती, धुणं अर्धं टाकून, ओल्या हातांनी, अनवाणी. हे कळल्यावर वडील ओट्यावरच बसले.

बोर्डाचा लाइनमन आला, त्याने खांबावरूनच वीज बंद केली. खांबापर्यंतचं आमचं, आतलं तुमचं, असं त्याने शांतपणे सांगितलं. विद्युत निरीक्षकांनी पाहून लिहून दिल्याशिवाय लाइन जोडणार नव्हते. दसऱ्यानंतर भात यायला सुरुवात होणार होती. आमच्या दाराला कुलूप दिसलं की शेतकरी भाताच्या गाड्या शहापूरच्या बाजूला वळवणार, आणि वळलेलं गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे कशाला येईल?

निरीक्षक आले. सडपातळ, हळू आवाजाचे गृहस्थ. खोली सरकारची असल्याचं वडिलांनी त्यांना पुराव्यानिशी समजावलं. पुरावा म्हणजे कवटी. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. जागा कुणाची, इमारत कुणाची, किल्ली कुणाकडे. तिसऱ्या प्रश्नाला वडिलांनी आईकडे पाहिलं.

मग साहेब कामं सांगत गेले. खोलीत विजेच्या सामानाशिवाय सुतळीचा तोडाही नको. भिंतीतली भोकं बुजवायची. आत रबरी चटई हवी, शॉक बसल्यावर काय करायचं त्याचा तक्ता हवा, आणि दाराबाहेर कोरड्या वाळूच्या चार लाल बादल्या, आग लागली तर टाकायला. किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे राहील आणि त्याचं नाव कागदावर असेल. वडिलांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

मी जबाबदार झालो. आठवडाभर राबलो. आईने बडबडत सगळी आगोट घरात हलवली. त्या ओल्या दिवसांत कोरडी वाळू मिळेना, तेव्हा तिनेच चुलीवर मोठ्या कढईत ती भाजून दिली. फक्त एवढंच विचारलं, ही वाळू बारा महिने कोरडीच ठेवायची का? मी म्हटलं, सक्त. ती समाधानाने आत गेली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर आम्ही वाल पेरतो, आणि तोवर बियाण्याला कीड लागू नये म्हणून ते कोरड्या वाळूत पुरून ठेवतो. दर वर्षी वाळू ओल धरायची आणि अर्धं बियाणं वाया जायचं.

दुसऱ्या भेटीत साहेबांनी चटई पाहिली, तक्ता वाचला, बुजवलेली भोकं बोटाने दाबून पाहिली. समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जाता जाता, वाळू दमट नाही ना हे बघायला त्यांनी पहिल्या बादलीत मनगटापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो मूठभर वाल घेऊन.

दाखला मिळाला, पण तिसऱ्या दिवशी, चारही बादल्या त्यांच्यासमोर पालथ्या करून पुन्हा भरल्यावर. पहिली भाताची गाडी आमच्याच दारात लागली. हात बादलीतून बाहेर आला त्या घटकेला मात्र साहेब वाल बघत होते, वडील कवटी बघत होते, आणि मी कागदावरचा जबाबदार माणूस म्हणून तोंड उघडणार, एवढ्यात मागून आई बोलून गेली, "बाकीच्यांत निस्ती वाळू हाय, सायेब. फकस्त त्या कोपऱ्यातलीला हात लावू नका, तिच्यात तूर हाय."