उस्तादचा डावा पाय

उस्तादला मी शहाणा समजत होतो. अठरा वर्षं आम्ही एकाच बसवर काढली, तो स्टिअरिंगवर आणि मी कंडक्टर. एवढ्या वर्षांत त्यानं गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. पण माणूस आजारी पडला की त्याचं शहाणपण कुठं जातं कोण जाणे.

आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन पार पडलं आणि दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. तोंड आलं, गार भांड्याला हात लावला की बोटांत सुया टोचायच्या, घास लोखंडासारखा लागायचा. ते सगळं त्यानं हसण्यावारी नेलं. म्हणायचा, "स्वयंपाक बायकोचा, चव वर्कशॉपची." डाव्या पायानं मात्र त्याला रडकुंडीला आणलं. डावा, म्हणजे क्लचचा.

मी रोज दुपारी ड्यूटी संपली की त्याच्याकडे जायचो. खिडकीखालून बस गेली की तो बोलता बोलता थांबायचा आणि गिअरचा आवाज ऐकायचा. "तिसरा उशिरा टाकला गाढवानं." ते गाढव म्हणजे माझा नवा ड्रायव्हर. पोरगा चांगला आहे, पण त्याच्या गाडीत मला घरच्यासारखं वाटत नाही. लाज कसली सांगायला, मला उस्तादच हवा होता.

एका दुपारी माझ्यासमोरच त्याच्या पोटरीत गोळा आला. पायाची बोटं आत वळली, कपाळावर घाम फुटला. वहिनींनी पंजा धरून नडगीकडे ओढला, मी पोटरी चोळली. जरा सुटल्यावर तो म्हणाला, "पुढची सलाईन नको मला. औषध थांबलं की पाय सुटेल, आणि पाय सुटला की गाडी मिळेल."

चार सलाईन बाकी होत्या. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुझ्या गाडीचं काम मेकॅनिकला विचारल्याशिवाय कधी केलंस का?" मी म्हटलं. "मग इथं कशाला डोकं चालवतोस?" दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दोघांना दवाखान्यात नेलं.

तिथल्या सिस्टर वयस्क, चष्मा नाकावर. त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"नेहमीइतकं," उस्ताद म्हणाला, "भरपूर."

त्याचं नेहमीइतकं मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या रूटवर दोन्ही टोकांना जाण्यालायक संडास नाही. भरल्या बसमध्ये ड्रायव्हर अडकला तर करायचं काय? म्हणून सकाळचा एक चहा, मग ड्यूटी संपेपर्यंत दोन घोट. माझ्या आधीची धरून सव्वीस वर्षं. शरीर तेच शिकलं होतं, आणि घरी बसल्यावरही त्याला तहान म्हणून लागत नव्हती.

"सिस्टर, नेहमीइतकं म्हणजे दोन घोट," मी म्हटलं.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "मी रोज बाटली भरून उशाशी ठेवते. संध्याकाळी रिकामी असते."

"कुंडीत ओततो," उस्ताद पुटपुटला. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

आणि मी महिनाभर तीन दुकानांतून पायाला चोळायला तीन तऱ्हेची तेलं आणत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सिस्टरनी त्याला चांगलाच फैलावर घेतला. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, त्यात मॅग्नेशियमही कमी निघालं. ते भरून काढलं, औषधाचा डोस थोडा उतरवला. सिस्टरनी व्यायाम शिकवला: गुडघा सरळ, तळव्याला टॉवेल, दोन्ही टोकं हळूहळू आपल्याकडे. पाणी कोमट, थोडं थोडं, दिवसभर.

"तळव्यांना स्पर्श कळतो ना नीट?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कळतो," उस्ताद पटकन म्हणाला. मलाही ते खरंच वाटलं.

गोळे येणं कमी होत होत जवळपास थांबलं. चारही सलाईन पार पडल्या. वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि उस्ताद माझ्या खनपटीलाच बसला, "एकदा डेपोत ने मला."

रविवारी नेला. आमची बस धुऊन उभी होती, इंजिन बंद. पोरं भेटायला धावली, त्यांना मी लांबच थोपवलं. उस्ताद दार धरून सावकाश चढला. सीट मागे घेतली, आरसा आपल्या डोळ्यांना लावला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. आता हा परत येणार, मला वाटलं.

त्यानं डावा पाय पुढे नेला. मग मान खाली घालून पाय कुठं पडलाय ते बघितलं. उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा बघितलं. अठरा वर्षांत मी त्याला पायाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तिसऱ्या सलाईनपासून. सिस्टरना खोटं सांगितलं. वाटलं होतं, इथं बसल्यावर कळेल." तो समोरच्या काचेतून बघत होता. "मला उतरायला सांग," तो म्हणाला. "माझं मी नाही उतरणार."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग सांगितलं.