मृगाच्या सहापैकी चार चौकटी

लग्न मोडलं तेव्हा नवरा गेल्याचं मला जेवढं वाईट वाटलं, त्याहून कितीतरी जास्त त्याची बहीण गेल्याचं वाटलं. हे मी घरात कोणाला बोललेले नाही. माझ्या आईलाही नाही.

माझं माहेर जुन्या जालन्यातलं. सासर कुंभार पिंपळगावजवळ, गावापासून दोनेक किलोमीटर आत, मोसंबीच्या बागेत. घरात सासू-सासरे, धाकटी नणंद आणि मी. नवरा पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नणंद बी.एस्सी. होऊन घरी बसली होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

आकाशाचे फोटो काढायचा नाद तिचा. एका दुपारी ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, "वहिनी, तुमचा कॅमेरा कपाटात पडून राह्यलाय. मला एक फोटो काढायचाय."

"काढ की. कशाचा?"

"तिकांड्याचा."

मृगातल्या त्या तीन ताऱ्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. मी म्हटलं, त्यात काय काढायचं, तीन ठिपके येतील. तिनं मोबाइलवर कोणीतरी काढलेला फोटो दाखवला. आख्ख्या मृगाला वेढून एक भलंमोठं लालसर वलय होतं, अर्धवट पुसलेल्या गेरूच्या रेघेसारखं. मी नववीला तारे शिकवायचे, पण हे मला माहीत नव्हतं. आकाशात ते एवढं मोठं आहे, की पौर्णिमेचे वीस-पंचवीस चंद्र एका ओळीत ठेवले तरी पुरायचे नाहीत. पण इतकं फिकं, की डोळ्यांना कधीच दिसत नाही. मोठी दुर्बीण तिथं कामाची नाही, कारण तिच्यात त्याचा एखादा कोपराच मावतो. साधी लेन्स लागते, आणि धीर.

लेन्स तिनं जालन्यात मस्तगडच्या एका बंद होणाऱ्या फोटो स्टुडिओतून घेतली. जुनी, हातानं फोकस करायची, भलती जड. ताऱ्यांच्या मागं मागं कॅमेरा हळूहळू फिरवणारं एक यंत्र असतं, ट्रॅकर. ते तिनं शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून मागवलं. कॅमेरा माझा. त्याच्या आत एक काच असते, ती हा लाल प्रकाश अडवते, म्हणून ती संभाजीनगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावी लागली. त्यानंतर त्या कॅमेऱ्यानं घरातला एकही फोटो धड आला नाही. सगळी माणसं गुलाबी. सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, "समदे कुंकवात लोळल्यावानी दिसून राह्यले." त्या दिवशी आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो.

ट्रॅकरला ध्रुवतारा दिसावा लागतो. आमच्याकडून तो बराच खाली दिसतो आणि अंगणातून पाहिलं की नेमका लिंबाच्या फांदीआड. नणंदेनं दोन दिवस घाबरत घाबरत सासऱ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर फांदी तोडलेली, आणि ते ओसरीवर चहा पीत बसलेले. म्हणाले, "बघा आता बराबर दिसून राह्यला का."

आमच्या लेन्समध्ये पूर्ण वलय मावत नव्हतं. म्हणून मृगाच्या सहा चौकटी करायच्या आणि शेवटी जोडायच्या, असं ठरलं. एका चौकटीला दोन-दोन मिनिटांचे नव्वद फोटो. म्हणजे तीन तास. चंद्र नको, ढग नकोत, शेजारच्या शेतात मोटारीवरचा दिवा नको. हिवाळ्यात दव पडून लेन्सच्या काचेवर वाफ धरायची. त्यावर तिनं तोड काढली. चुलीवर वाळू गरम करायची, जुन्या पातळाच्या तुकड्यात तिची पुरचुंडी बांधायची आणि लेन्सच्या गळ्याला गुंडाळायची. फोकस तीच करायची. एक तारा मोठा करून बघायचा आणि टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत लेन्स केसभर केसभर फिरवायची. जमलं की फोकस हलू नये म्हणून म्हणायची, "लावा चिकटपट्टी."

मग तीन तास आम्हाला काही काम नसायचं. बाजेवर गोधडीत पाय घालून बसायचो. माझ्या आयुष्यात मी कोणाशी एवढं बोलले नसेन. नवऱ्याशी तर नाहीच. तिला लग्न करायचं नव्हतं असं नाही, पण आधी एम.एस्सी. करायचं होतं. मला मूल होत नव्हतं आणि त्यावर घरात कोणी बोलत नव्हतं, तेही मी पहिल्यांदा तिलाच बोलले. ती म्हणाली, "मी हाय ना." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले की ती लॅपटॉप उघडून बसलेली असायची. नव्वद फोटो एकावर एक रचले की काळ्या पडद्यातून ते लाल हळूहळू वर यायचं. पहिली चौकट आली तेव्हा तिनं सासूबाईंना हाताला धरून आणलं होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे रोज वर असतं? आन् आपल्याला ठावं न्हाई?"

चौथ्या चौकटीची रात्र होती. पन्नासेक फोटो झाले असतील. ती एकदम म्हणाली, "वहिनी, एक सांगायचंय. दादाचं पुण्यात दुसरीकडं हाय."

मला आधी कळलंच नाही. "काय आहे?"

"बाई हाय. तिच्यासंगं राहतो. मी दादाच्या फोनवर पाह्यलं होतं."

"कधी?"

"ह्या न्हाई, त्याच्या मागच्या दिवाळीला."

म्हणजे वर्षाहून जास्त. ही चौकटींची, बाजेवरच्या गप्पांची आमची पूर्ण थंडी त्यात आली. मी विचारलं, घरात कोणाला माहीत आहे? ती म्हणाली, "आईला. आई म्हणली, बोलू नको, येईल तो वाटंवर."

"आणि तू बोलली नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेल्या असत्या, वहिनी."

ती रडत होती. आज मला कळतं की त्या घरात ते मला सांगणं तिला किती जड गेलं असेल. त्या वेळी कळलं नाही. नवऱ्याचा राग यायला हवा होता, तो आला समोर बसलेल्या पोरीचा. मी म्हटलं, "तुझे फोटो व्हावेत म्हणून मला ठेवून घेतलंस का?" ती नुसती मान हलवत राहिली. मी आणखीही बोलले. ते इथं लिहिण्याची माझी हिंमत नाही. बाजूला कॅमेरा आपला दोन-दोन मिनिटांनी खटखट करत होता. त्याचे नव्वद पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो, एकमेकींकडे न बघता.

सकाळी मी बॅग भरली. जाताना लेन्स काढून बाजेवर ठेवली आणि कॅमेरा घेतला. कॅमेरा माझाच होता. पण त्याच्याशिवाय तिची लेन्स आणि ट्रॅकर निव्वळ वजन आहे, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनच घेतला. ती दारात उभी होती. म्हणाली, "दोन चौकटी राह्यल्या." मी बॅग उचलली. सासरे फाट्यापर्यंत सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले.

नवऱ्यानं काही नाकारलं नाही. दोघांच्या संमतीनं झालं. कोर्टात सासरकडून तो एकटाच आला. त्याच्याकडे बघून मला आश्चर्य वाटलं, की याच्यासाठी रडू येत नाही.

तिचे मेसेज आले. पहिला, "पोचल्या का?" दुसरा बऱ्याच दिवसांनी, नुसतं "वहिनी". मी दोन्ही वाचले आणि ठेवून दिले. राग उतरायला मला आठ महिने लागले. मग एका संध्याकाळी मी मोठा मेसेज लिहिला, माफी मागितली. तो पोचलाच नाही. फोन केला तर नंबर बंद. गावातल्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं की तिचं लग्न झालं, परभणीकडं दिलं. एम.एस्सी.चं विचारलं तर त्या म्हणाल्या, "कशाचं एम.एस्सी.?"

गेल्या वर्षी जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात मी आईसाठी पातळ बघत होते. मागून आवाज आला, "वहिनी." आणि लगेच थांबला, जीभ चावल्यासारखा. ती होती. सहावा-सातवा महिना असावा. पलीकडं गादीवर तिची आई आणि सासू हिरवी लुगडी उलगडून बघत होत्या.

ओठावर आणून ठेवलेली माफी बाहेर आलीच नाही. तीच म्हणाली, "अजून फोटो काढून राह्यल्या का?"

"हो. गच्चीवरून. छोटी दुर्बीण घेतलीय."

"शहरात दिवे लई असतील."

"आहेत."

"मंग ते फक्त लाल रंग आत सोडणारं फिल्टर भेटतं, ते लावा. बिलकुल फरक पडतो." मग खाली बघून म्हणाली, "लेन्स माळ्यावर हाय. बुरशी धरली असंल."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवला नाही. मी म्हटलं, "मी तेव्हा जे बोलले ते..."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मी तरी कुठं जल्दी सांगितलं."

तेवढ्यात तिच्या सासूनं हाक मारली. ती गेली. माझ्या जुन्या सासूबाईंनी मला पाहिलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "आईचे गुडघे कसे हायेत?" मी म्हटलं, बरे आहेत. नवा नंबर मी मागितला नाही आणि तिनंही दिला नाही. तिच्या सासूपुढं मी कोण म्हणून मागणार होते?

दुकानदारानं दोनदा विचारलं, बाई, कोणतं बांधू. मी समोरचं बोटानं दाखवलं. घरी आल्यावर आई म्हणाली, असला रंग मी कधी नेसते का?