वाटा आधी की मासळी आधी

नीराबाई कोळीण माझ्यावर पहिल्यांदा बिथरली ती माझ्या एका शब्दामुळे. चूक माझीच होती. तेव्हा कबूल केली नव्हती, आता करते.

साल अठ्ठावन्न. मी विकास गटात मुख्यसेविका होते. बी.ए. झालेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी समजूत. गावोगाव फिरायचं आणि परदेशातून आलेली दूध पावडर कोमट पाण्यात कशी कालवायची ते बायकांना शिकवायचं, हे माझं काम. काशीदच्या खाली एक कोळीवाडा होता. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथे दवाखाना नाही, नर्स नाही. बाई अडली की बैलगाडीने साळावपर्यंत, तिथून होडीने खाडी ओलांडून रेवदंडा, आणि मग पुढे अलिबाग. नीराबाईच्या सुनेचं, कमळचं, पहिलं मूल त्या होडीतच गेलं. नीराबाई विधवा. सुके बोंबील डोक्यावर घेऊन आतल्या गावांच्या बाजारांना पायी जायची. रडायला तिला फारसा वेळ मिळाला नसावा.

त्या वर्षी योजना आली. औषधं आणि बाळंतपणाची पेटी परदेशी संस्थेची, नर्स सरकारची, आणि इमारतीच्या खर्चात रुपयाला चार आणे गावाचे. गटाचे साहेब म्हणाले, ‘लोकवर्गणी’ लिहा. मी म्हटलं, वर्गणी ऐकली की लोक उठून जातात, ‘लोकांचा वाटा’ लिहू. मला माझ्या मराठीचं भारी कौतुक.

कोळीवाड्यात सभा घेतली, कागद वाचला. दुसरी गावं तीन-तीन महिने घासाघीस करत. इथे अर्ध्या तासात ठराव! हिरामण पाटलाने अंगठा उठवला, बायकांनी मला मानाचा नारळ दिला. मी खुशीत परतले.

नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी पैसे न्यायला गेले. नीराबाई ओट्यावर बसून टोपलीची फाटकी कड सुतळीने शिवत होती.

“आलीस गो बाय? आमचा वाटा हानलास का?”

“मी कशी आणणार? वाटा तुम्ही द्यायचाय.”

तिची सुई थांबली. मग ती हाका मारायलाच लागली. “हिरामण, ए हिरामण! आयकलास? वाटा म्हने आपन द्याचा!”

माणसं जमली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. होडी किनाऱ्याला लागली की कोळी मासळीचे वाटे पाडतात. एक होडीचा, एक जाळ्यांचा, मग माणशी एकेक. वाटा हा घ्यायचा असतो. ‘लोकांचा वाटा चार आणे’ म्हणजे दवाखान्यातले चार आणे आपल्याला मिळणार, असं धरून त्यांनी अंगठे दिले होते.

“मासली यायच्या आधी वाटा कोन मागतो गो?” नीराबाई म्हणाली. “आनि आमच्यात ताप येऊन घरी पडला त्याचा बी वाटा काढतात. तुमी तर ज्याच्या घरात दुखनं, त्याच्याचकडं मागताव. ही कंची रीत?”

“ही सरकारी रीत आहे,” मी चिडून म्हटलं.

“मंग सरकारला चार दिस होडीवर धाड. शिकंल.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण पावसाळाभर होड्या बंद असलेल्या त्या वस्तीत चार आणे काय, एक आणा निघाला नसता. शेजारच्या नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांनी मात्र आठवड्यात रक्कम भरली होती. त्यांच्याकडे डॉक्टर आधीपासून होता. आता दवाखानाही त्यांनाच. हे मी नीराबाईला सांगितलं. सांगायला नको होतं, कारण पुढच्याच सोमवारी ती गट कचेरीत हजर.

कमळला पुन्हा दिवस गेले होते. फाल्गुनाच्या आधी नर्स हवी, एवढंच तिचं मागणं.

साहेब भेटले नाहीत. कारकून दत्तात्रेयाने नाकाला रुमाल लावला. “आजी, ती टोपली बाहेर ठेवा. वास मारतोय.”

“आमच्या पैशाला बी ह्योच वास हाय रं बाबा. तो कसा चालतो तुला?”

पाच सोमवार ती आली. पाच अर्ज मी लिहिले. दर वेळी उत्तर तेच, नियम सर्व गावांना सारखा आहे. मी कंटाळले. मी तिला स्पष्ट म्हटलं, नीराबाई, सोडून द्या. ती म्हणाली, “तू लिही, दमायचं काम माझं हाय.” पण दमलेली दिसत होती. पायरीवर बसली की उठताना दोन्ही हातांचा टेकू घ्यायची.

दिवाळीनंतर परदेशी संस्थेचा गोरा साहेब दूध पावडरीचं वाटप बघायला आला. कोळीवाड्यात जीप थांबली आणि नीराबाई तिच्यासमोर उभी राहिली. दुभाषी मी. गटाचे साहेब मला डोळ्यांनी दटावत होते.

“इचार त्याला, तुमी औषधं देताव, तर दिल्लीकडनं काय घेताव?”

गोऱ्याने सांगितलं, सरकारही आपला हिस्सा घालतं.

“सगले देस सारखाच घालतात?”

तो म्हणाला, नाही, गरीब देशांना कमी घालावा लागतो.

मी भाषांतर केलं. नीराबाईने गटाच्या साहेबांकडे बोट केलं. “मंग गरीब देसाला कमी, आनि गरीब गावाला सारखाच? हा नियम ह्याच्या घरचा हाय का?”

शेवटचं वाक्य मी गाळलं. बाकीचं त्याने वहीत लिहून घेतलं, दोनदा विचारून.

महिन्याभराने पत्र आलं. प्रयोग म्हणून मार्चअखेरपर्यंत वाट्याशिवाय नर्स. सगुणा नावाची मुलगी पेटी घेऊन आली आणि जाळी ठेवायच्या खोपीत राहिली. शिमग्याच्या आधी कमळला मुलगी झाली. पोटात आडवी होती. सगुणाने रात्रभर खटपट करून दोघींना वाचवलं. नीराबाईने मला निरोप धाडला तो एका शब्दाचा, ‘हायत’.

एकतीस मार्चला जीप सगुणाला न्यायला आली. प्रयोग यशस्वी झाला होता. आता गावाने रुपयाला चार आणे भरावे, असं पत्र माझ्याच हातात दिलेलं. मी ते वाचलं. नीराबाई नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती.

“तुमचं काम तर झालं,” मी म्हटलं. आज लाज वाटते.

“शेजारच्या येनूबायच्या पोरीला चौथा म्हयना हाय,” ती म्हणाली. “सोमवारी कचेरी कवा उघडते?”

“अकराला.”

“दहाला येतंव. तुझा सायब मागल्या दारानं जातो.”

ते सोमवार मी मोजले नाहीत. मधे माझी बदली झाली, दोन साहेब बदलले, अर्ज तोच राहिला. बासष्टच्या पावसाळ्यात नियम बदलला, हातावर पोट असलेल्या वस्त्यांना रुपयाला एक आणा. शेजारच्या वेणूबाईच्या पोरीला त्याचा काही उपयोग नव्हता, ती बाळंतपणात जाऊन तीन वर्षं झाली होती. आणखी किती गावांनी अर्ज केले होते कोण जाणे. कागदावर कुणाचंच नाव नव्हतं.

मी मुद्दाम वाट वाकडी करून कोळीवाड्यात गेले. नीराबाईचे गुडघे गेले होते, बाजार बंद, दुपारची आडवी पडलेली. मी नियम वाचून दाखवला.

“एक आना,” ती म्हणाली. “तो तरी कशाला?”

आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.